विश्लेषण : मराठी प्रबंध ऑनलाइन आहेत, मग शोधून सापडत का नाहीत?

पीएचडीचा प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहू नये म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमावलीत त्याची डिजिटल प्रत बंधनकारक केली. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’च्या ‘शोधगंगा’ संकेतस्थळावर हे प्रबंध कोणालाही मोफत वाचता येतात. लोकसाहित्यापासून संतवाङ्मयापर्यंतचे मराठी प्रबंधही तिथे आहेत. मात्र त्यांच्या मजकुरात एखादा शब्द शोधू गेल्यास अनेकदा हाती काहीच लागत नाही.

असे का होते?

दोष बऱ्याच अंशी फॉण्टचा आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉण्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. पडद्यावर ‘तुकाराम’ दिसले, तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच. मजकूर कॉपी करून पाहिला की हे लगेच कळते. काही प्रबंध तर नुसते स्कॅन, म्हणजे पानांची छायाचित्रे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. पण डीटीपी केंद्रांत वर्षानुवर्षे पेजमेकर चालला आणि त्याला युनिकोड झेपत नसे. शिवाय प्रबंध शेवटी छापून, बांधूनच द्यायचा. कागदावर नीट उमटले की काम झाले!

नुकसान कोणाचे?

मानव्यविद्यांत आधी कोण काय म्हणाले, यावरच पुढचा युक्तिवाद उभा राहतो. आधीचे काम सापडले नाही तर तेच पुन्हा लिहिले जाते. वाङ्मयचौर्यासंबंधी २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते; पण यंत्राला मजकूर वाचताच येत नसेल, तर त्या टक्केवारीला अर्थ काय? उलट मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने शोधता येईल अशा रूपात ठेवल्याने आजही रोजच्या वापरात आहे.

उपाय काय?

जुन्या फॉण्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. स्कॅनवरून मराठी वाचणारे ‘टेसेरॅक्ट’ तर मोफत आहे. जोडाक्षरांत चुका होतात, त्यामुळे मुद्रितशोधनाला माणूस लागतो आणि पैसा तिथेच लागतो. ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्राने तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर केले, ते ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या नियतकालिकांसाठी. आपल्याच विद्यापीठांतील प्रबंध वाचनीय करण्याचा खर्च त्यापुढे नगण्य ठरेल. नव्या प्रबंधांसाठी तर तेवढाही नको. पीडीएफसोबत युनिकोडमधील मूळ फाइल घेतल्याशिवाय प्रबंध स्वीकारायचा नाही, एवढे परिपत्रक विद्यापीठे आजही काढू शकतात.