विश्लेषण : फ्रँचायझी घेताय? कायदा किती साथ देतो?

चहा, वडापाव, पिझ्झा, पॅथॉलॉजी लॅब, प्री-स्कूल… ‘तयार ब्रँड, खात्रीचा नफा’ अशा जाहिराती पाहून अनेक जण निवृत्तीची पुंजी किंवा कर्जाची रक्कम फ्रँचायझीत घालतात. पण वाद झालाच, तर कायदा कितपत मदतीला येतो?

स्वतंत्र कायदा आहे का?

नाही. भारतात फ्रँचायझीचा व्यवहार मुख्यतः भारतीय करार कायदा, १८७२ आणि ट्रेड मार्क कायदा, १९९९ यांच्या आधारे चालतो. अमेरिकेत सही करण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला माहितीपत्र द्यावे लागते. कंपनीवरील खटले, बंद पडलेल्या शाखा, सुरुवातीचा अंदाजे खर्च असा तपशील त्यात असतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही. त्यामुळे ही माहिती स्वतःच मागावी लागते आणि करार हेच खरे संरक्षण ठरते.

तोंडी आश्वासनांना किंमत किती?

फसवून किंवा चुकीची माहिती देऊन संमती घेतली असेल, तर करार कायद्याच्या कलम १९ नुसार करार रद्द करून घेता येतो. मात्र ते सिद्ध करावे लागते. शिवाय ‘यापूर्वीची सर्व आश्वासने या करारात विलीन झाली आहेत’ अशा अर्थाचे कलम बहुतेक करारांत असते. ‘महिन्याला इतका नफा’, ‘दोन किलोमीटरमध्ये दुसरी शाखा नाही’ हे विक्री प्रतिनिधीचे शब्द करारात नसतील, तर पुढे ते सिद्ध करणे अवघड जाते.

ब्रँड त्यांचाच आहे का?

नावापुढे ‘टीएम’ लिहिले म्हणजे नोंदणी झाली असे नाही. ट्रेड मार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव, मालक आणि अर्जाची स्थिती विनामूल्य पाहता येते. नामांकित ब्रँडच्या बनावट संकेतस्थळांवरून ‘नोंदणी शुल्क’ उकळण्याचे प्रकारही घडले आहेत. म्हणून पैसे भरण्यापूर्वी कंपनीच्या मुख्य कार्यालयाकडून खात्री करावी.

कंपनीने करार मध्येच संपवला तर?

मॅकडोनाल्ड्स आणि उत्तर व पूर्व भारतातील भागीदार विक्रम बक्षी यांच्यातील वाद २०१३ मध्ये चिघळला. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने १६९ दुकानांचा फ्रँचायझी करार संपवण्याची नोटीस दिली. मे २०१९ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. मोठ्या भागीदाराला इतकी वर्षे लढावे लागले, तर एका गाळ्याच्या मालकाचे काय? करारातच तो संपवण्याची मुभा असेल, तर तो चालू ठेवा असा आदेश न्यायालये सहसा देत नाहीत; भरपाईसाठी भांडावे लागते. म्हणून नोटिशीचा कालावधी, चूक सुधारण्याची मुदत, अनामत व उरलेला माल परत घेण्याची अट करारात हवी.

बाहेर पडल्यावर तोच व्यवसाय करता येतो?

करार चालू असताना स्पर्धक व्यवसायाला मनाई करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला प्रकरणात मान्य केले. करार संपल्यानंतरची सरसकट बंदी मात्र कलम २७ नुसार सहसा टिकत नाही. अर्थात, जुन्या ब्रँडचे नाव, बोधचिन्ह किंवा गुप्त पाककृती वापरता येत नाही.

सहीपूर्वी काय तपासावे?

रॉयल्टी विक्रीवर आहे की नफ्यावर? विक्रीवर असेल, तर तोटा झाला तरी ती द्यावीच लागते. कच्चा माल कंपनीकडूनच घ्यायचा असेल, तर दर कोण ठरवणार? वाद पुण्यात झाला आणि लवाद दिल्लीत, तर खर्च परवडेल? गाळ्याचा लॉक-इन फ्रँचायझीच्या मुदतीपेक्षा मोठा तर नाही? तसे असेल, तर दुकान बंद पडूनही भाडे सुरूच राहते. जाहिरातीतल्या यशस्वी चालकांना नव्हे, तर दुकान बंद केलेल्या दोघा-तिघांना भेटावे. आणि वकिलाला करार सहीनंतर नव्हे, आगाऊ रक्कम देण्याआधी दाखवावा.