मावशीचा निळा डबा

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात महामार्गाच्या कडेला एक निळा कंटेनर उभा आहे. वीस फुटी. लांब बाजूचा पत्रा कमरेच्या उंचीवर कापून वरच्या अंगाला बिजागऱ्या लावल्या आहेत. सकाळी तो उचलून दोन लोखंडी सळ्यांचा टेकू दिला, की तोच पत्रा गिऱ्हाइकांच्या डोक्यावर सावली धरतो. आत गॅसची शेगडी, आलूबोंड्यांची परात, तर्रीचं पातेलं. दाराच्या पल्ल्यावर रंगाखालून चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे अजून दिसतात. जगातल्या प्रत्येक मालवाहू कंटेनरला असा स्वतःचा नंबर असतो. शेवटचा आकडा चौकटीत असतो, तो आधीचा नंबर बरोबर वाचला की नाही हे पडताळण्यासाठी. हा डबा कोणकोणत्या बंदरांत उतरला असेल, ते आता तो नंबरही सांगणार नाही. आज त्याच्यासमोर आयुध निर्माणीतून पाळी सुटलेले कामगार, कॉलेजची पोरं आणि रायपूरकडचे ट्रकवाले उभे राहून तर्री-पोहे खातात.

दुकान चालवणाऱ्या मावशींना मी विचारलं, "टपरी काय वाईट होती मावशी? इतका खर्च कशाला केला?"

पातेल्यातला पळा न थांबवता त्या म्हणाल्या, "टपरी तीनदा मोडली जी, भाऊ. एकदा रस्त्यासाठी, दोनदा वाऱ्यानं. दर वेळी बांबू नवे, ताडपत्री नवी. हा डबा हटवा म्हणतील तर हायड्रा क्रेन बोलवीन अन् उचलून घेऊन जाईन. मोडणार तर नाही."

या उत्तरानं मी बराच वेळ तिथे थांबलो. कंटेनरची घरं, कंटेनरचे कॅफे यांवर अलीकडे पुष्कळ लिहिलं जातं, चित्रं दाखवली जातात. त्यातलं बहुतेक कौतुक दिसण्याचं असतं. मावशींनी मात्र त्या वस्तूचा मूळ गुण पकडला होता. कंटेनर जन्मला तोच या कल्पनेतून. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकमालकानं न्यूअर्कच्या बंदरातून ह्यूस्टनकडे 'आयडियल एक्स' हे जहाज पाठवलं. त्यावर ५८ पेट्या होत्या. तोपर्यंत ट्रकमधलं पोतं न् पोतं हमालांच्या पाठीवरून जहाजात जाई आणि पलीकडे तसंच उतरे. मॅक्लीननं माल उतरवणंच बंद केलं. पेटीसकट सगळं उचलायचं. आमच्या सहा नंबरच्या हायवेवर (त्याला आता ५३ क्रमांक आहे, पण तोंडातून सहा नंबरच निघतो) मावशी तेच करायला तयार बसल्या आहेत. शेगडी, परात, मांडणीवरच्या बरण्या, सगळं जागच्या जागी ठेवून दुकान उचलायचं.

ज्याच्या नावावर रस्त्याला लागून जमीन नाही, त्याच्यासाठी ही साधी गोष्ट नाही. पानठेला, पंक्चरचं दुकान, मोबाइल दुरुस्ती, केशकर्तनालय, कृषी केंद्राचं छोटं गोदाम, हे सगळे धंदे दुसऱ्याच्या जागेवर चालतात. भाड्याच्या जागेत विटांची भिंत बांधली तर ती जागामालकाची होते, आणि रस्ता रुंद झाला तर कोणाचीच राहत नाही. डबा मात्र दुकानदाराचा राहतो. मावशींनी तो रस्त्याच्या हद्दीबाहेर, एका शेतकऱ्याच्या बांधीच्या कोपऱ्यावर भाड्यानं ठेवला आहे. हे त्यांचं शहाणपण. लोखंडाचा डबा आहे म्हणून अतिक्रमण माफ होत नाही. ग्रामपंचायतीत विचारून, जागेचा कागद करून मगच ठेवावा.

आता वस्तूविषयी थोडं, कारण घेणाऱ्यांना हे कोणी समजावून सांगत नाही. महाराष्ट्रात हे डबे येतात ते मुख्यतः न्हावा शेव्यातून. तिथलं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं, आणि २०२४-२५ या एका वर्षात तिथून वीस फुटी मापाचे सत्तर लाखांहून अधिक कंटेनर हाताळले गेले. समुद्रावर दहा-पंधरा वर्षं काढून झाली, की डबा विकायला निघतो. नागपुरापर्यंत आलेला डबा पुढे आपल्याकडे आणायला साठेक किलोमीटर. त्यासाठी ट्रेलर आणि उतरवायला हायड्रा लागतो, आणि हा खर्च डब्याच्या किमतीत धरलेला नसतो.

भिंतीचा नागमोडी पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा. सगळा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर. जहाजावर एकावर एक आठ-नऊ डबे रचतात तेही याच कोपऱ्यांवर. म्हणून खिडकीसाठी पत्रा कापला, की कापल्या जागेभोवती चौकोनी पाइपाची चौकट वेल्ड करावीच लागते. ती केली नाही तर छत लवतं, दार अडकायला लागतं. मावशींच्या वेल्डरनं ती केली आहे, आणि डब्याच्या चारही कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ठोकळे दिले आहेत. आपली कन्हार माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या मातीवर डबा नुसता टेकवला तर वर्षभरात तिरका होतो.

माझ्या पुतण्यानं गेल्या महिन्यात विचारलं, "काका, घरकुलाच्या भानगडीत पडण्यापेक्षा कंटेनरच घेऊन टाकू का?" त्यानं मोबाइलवर एक घर दाखवलं. आत पांढऱ्या भिंती, काचेचा दरवाजा, कुंड्या. मी त्याला घेऊन मावशींच्या डब्यापाशी गेलो आणि टेप लावायला सांगितली. आतली रुंदी सात फूट आठ इंच. लांबी एकोणीस फूट आणि थोडी. म्हणजे जवळपास दीडशे चौरस फूट. उष्णता अडवायला दोन्ही बाजूंनी आतून अस्तर लावलं की रुंदी सात फुटांवर येते. सहा फुटी खाट आडवी टाकली तर पायाशी फक्त एक फूट उरतो. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घर स्वयंपाकाच्या जागेसकट किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट धरलं आहे. तेवढ्यासाठी दोन डबे जोडावे लागतात. केंद्राच्या निकषानुसार सपाट भागातलं घरकुलाचं अनुदान १ लाख २० हजार. एवढी रक्कम एकेका डब्यालाच लागू शकते. त्यावर वाहतूक, कापणी, अस्तर, वायरिंग, संडास. शिवाय घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर, फोटो काढून मिळतात. पाया झाला, भिंती वर आल्या, छत टाकलं. तयार डबा त्या टप्प्यांत कसा बसणार, हे ग्रामसेवकाला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस, असं मी त्याला सांगितलं.

पण माझी खरी काळजी पैशांची नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या त्या ठाकरवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत, आणि शोध थांबवावा लागला. वाचलेल्या कुटुंबांना खाली चौक गावाजवळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत ठेवलं. त्या पावसाळ्यात दुसरं काही इतक्या झपाट्यानं उभं राहिलं नसतं, आणि डोंगरावरून अंगावरच्या कपड्यांनिशी उतरलेल्या माणसाला चार भिंती आणि कडी लागणारं दार मिळणं हे थोडं नव्हे. तिथे कंटेनरनं आपलं काम केलं. मात्र सिडकोच्या पक्क्या घरांपर्यंत त्यांना वर्षाहून अधिक थांबावं लागलं. मधला उन्हाळा त्या डब्यांतच गेला. कुडाच्या भिंती आणि गवताच्या सावलीत वाढलेल्या माणसांना पत्र्याच्या पेटीत काढलेला एप्रिल-मे कसा गेला असेल, ते आम्हा झाडीपट्टीतल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडच्या माणसांनीही पत्र्याच्या शेडमध्ये असेच दिवस काढले होते. तात्पुरत्या घराच्या दारावर सोडण्याची तारीख लिहिलेली असली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

जपानात ओनागावा नावाच्या गावी २०११ च्या त्सुनामीनंतर शिगेरू बान या वास्तुकारानं बेसबॉलच्या मैदानावर कंटेनरची जवळजवळ १९० घरं उभी केली. सपाट जमीन शिल्लकच नव्हती, म्हणून दोन आणि तीन मजले. डबे त्यानं सलग रचले नाहीत. बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक जागा मोकळी सोडली, आणि त्या मोकळ्या जागेत काच लावून बैठकीची खोली केली. झोपायला डबा, बसायला उजेड. हे वाचल्यापासून मला वाटत आलं आहे, की आपल्याकडेही दोन डबे एकमेकांना चिकटवू नयेत. मध्ये आठ-दहा फूट जागा सोडावी, वर छप्पर टाकावं आणि तिथे ओसरी करावी. आपलं अर्धं जगणं ओसरीतच असतं. धान निवडणं, पाहुणा बसवणं, दुपारची वामकुक्षी, पोरांचा अभ्यास. ओसरी नसलेल्या घरात म्हातारं माणूस कुठे बसेल?

आणि मग ऊन. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि आपण त्याच पट्ट्यात राहतो. नवतपा सुरू झाला की दुपारी उघड्यावरच्या पोलादाला हात लावून पाहा. लगेच मागे घ्याल. पोलाद ती सगळी धग आत सोडतं. कूलर आत कोंडलेल्या हवेला फक्त ओलं करतो. विकणारे आतून थर्माकोल लावून देतात. ते स्वस्त आहे, पण पेट घेतं, आणि एकच दार असलेल्या डब्यात शेगडीशेजारी थर्माकोल असणं मला सहन होत नाही. काचलोकर लावावी, आणि तीही दुसरा उपाय म्हणून. पहिला उपाय आपल्या आज्यानं करून ठेवला आहे. आमच्या जुन्या घराला कवेलू होते, खाली लाकडी माळा, आणि माळ्यावर तनस. कवेलू तापत, माळ्यावरची हवा कवेलूंच्या फटींतून निघून जाई, आणि खाली आजी भर दुपारी भिंतीला पाठ लावून वाती वळत बसे. डब्यालाही हेच हवं. त्याच्या छतापासून हात-दीड हात वर दुसरं छप्पर, मधून वारा मोकळा. ऊन छपरावर पडावं, पोलादावर पडू नये.

आणखी दोन गोष्टी, राहायचं असेल त्यांच्यासाठी. डब्याच्या तळाला जाड प्लायवूड असतं आणि वाळवी-किडे लागू नयेत म्हणून त्याला कीटकनाशक पाजलेलं असतं. दारावरच्या धातूच्या पाटीवर त्याची नोंद असते. रांगतं मूल असलेल्या घरात ते तसंच ठेवू नये, काढावं किंवा वरून पक्कं झाकावं. दुसरी गोष्ट नदीकाठच्या गावांसाठी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगा भंडाऱ्यात शिरली तेव्हा आपण पाहिलं, पाणी किती वेगानं चढतं. रिकामा वीस फुटी डबा सव्वादोन टनांच्या आसपास असतो, आणि ऐकायला खोटं वाटेल, पण दारं घट्ट बंद असली तर वीतभर पाण्यात तो तरंगायला लागतो. कोपरे जमिनीतल्या काँक्रीटला बोल्टनं जखडले नाहीत, तर तोच डबा शेजाऱ्याच्या भिंतीवर जाऊन आदळेल. जे हायड्रा सहज उचलतो, ते नदीही उचलते.

पुतण्यानं शेवटी घरकुलाचाच अर्ज भरला. डब्याचा विचार त्यानं सोडलेला नाही. त्याला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकायचं आहे आणि मुद्रा कर्जाची चौकशी चालू आहे. त्यासाठी वीस फूट पुष्कळ झाले. रात्री कडी-कुलूप लागलं की पंपाचं तांबं सुरक्षित. माझी त्याला पूर्ण संमती आहे.

परवा दुपारी तीनच्या सुमारास आम्ही दोघं पुन्हा मावशींकडे गेलो. डब्यावर आता बांबूचा मांडव उभा होता आणि त्यावर कवेलू. गावात कुणाचं तरी जुनं घर स्लॅबसाठी पाडलं, तिथले कवेलू त्यांनी बैलगाडीनं आणले होते. काही काळपट, काहींवर शेवाळाचे वाळलेले डाग. मी आत जाऊन डब्याच्या छताला आतून तळहात लावला. पत्रा कोमट होता. हात तसाच ठेवता आला.

"मग आता रात्री इथंच मुक्काम का मावशी?" पुतण्यानं विचारलं.

मावशींनी चहाचे दोन कप पुढे केले. "नाही रे बापा. शटर टाकतो अन् घरी जातो. अंगणात खाट टाकून झोपतो."