कपाट आले, कंबर गेली

लग्नसराई सुरू झाली की आमच्या दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्यांची संख्या वाढते. त्यात मुलीकडची मंडळी अधिक असतात. कारण विचारले तर कुणी कपाट सांगतो, कुणी फ्रीज, कुणी घरघंटी.

गेल्या लग्नसराईत एक गुरुजी आले. आले म्हणजे दोघांनी धरून आणले. मुलीला द्यायचे लोखंडी कपाट त्यांनी तालुक्याच्या गावी घेतले. टेम्पोवाल्याने सांगितलेले भाडे जास्त वाटले. मेहुण्यांची जीप होतीच. कपाट आडवे सारले, मागचे दार उघडेच ठेवून दोरीने बांधले आणि स्वारी निघाली. वाटेत काही झाले नाही. घरासमोर उतरवताना गुरुजी जीपमध्ये वाकून शिरले, हात लांब करून कपाटाचे टोक ओढले, ते घेऊनच बाजूला वळले आणि कमरेत कळ आली. मणक्यातील गादी सरकली होती. कन्यादानाला त्यांना पाटावर बसता आले नाही. वाचवलेल्या भाड्याच्या कितीतरी पट पैसे तपासण्या आणि औषधांत गेले.

गुरुजी अशक्त नव्हते. "डॉक्टर, मी धान्याची पोती उचलतो," असे ते मला सांगत होते. म्हणूनच हे समजून घेतले पाहिजे. प्रश्न केवळ वजनाचा नसतो, उचलण्याच्या पद्धतीचाही असतो. ओझे अंगाजवळ असेल तर कमरेवर ताण कमी येतो. तेच ओझे हातभर पुढे धरले की पाठीच्या स्नायूंना त्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो आणि तो सारा दाब मणक्यांमधील गादीवर येतो. त्यात वाकून वळलो, की गादीचे बाहेरचे आवरण फाटू शकते.

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात उत्तम परिस्थितीतही २३ किलो ही मर्यादा धरली आहे. उत्तम म्हणजे ओझे अंगाजवळ, पाठ सरळ, न वळता. गाडीतून वस्तू काढताना या सर्व अटी एकदम मोडतात. वर टप असल्याने वाकावे लागते, बंपर आड येत असल्याने पाय पुढे घेता येत नाहीत आणि शेवटी वळावे लागते ते वेगळेच. घरातला भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोचा असतो. मग कपाटाचा हिशेब वाचकांनीच करावा.

धोका उचलण्यापुरताच नाही. मागचे दार उघडे ठेवून गाडी चालवली की धुराड्यातील धूर आत ओढला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखणे, मळमळ, ग्लानी ही त्याची लक्षणे, आणि ती चालकालाच आली तर काय होईल हे सांगायला नको. शिवाय सैल बांधलेली जड वस्तू जोराचा ब्रेक लागताच पुढे सरकते आणि पुढे माणसे बसलेली असतात. कपाट धरून ठेवायला मागे मुलांना बसवणे हा तर शुद्ध अविचार आहे.

माझे स्पष्ट मत असे की, एवढे जड सामान खासगी गाडीतून आणूच नये. टेम्पो करावा, हमाल सांगावेत. आपण हमालाशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो आणि डॉक्टरचे बिल मात्र मुकाट्याने देतो. हमाल नुसत्या ताकदीवर ओझे नेत नाही. ते अंगाशी कसे घ्यावे, पट्टा कुठे लावावा, जिन्यात वर कोण आणि खाली कोण, हे त्याला ठाऊक असते. पैसे त्या जाणतेपणाचे असतात. पण त्याचीही कंबर हाडामांसाचीच आहे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा केला, तो या कष्टांची दखल घेऊनच. तेव्हा चौघांचे काम दोघांवर टाकून पैसे वाचवू नयेत.

नाइलाजच असेल तर कपाटाचे कप्पे आणि फ्रीजमधील ट्रे आधी काढावेत, फळी टाकून वस्तू सरकवत उतरवावी, गुडघ्यात वाकावे आणि वळायचे झाल्यास कंबर न पिळता पावले टाकून वळावे. हर्निया असलेल्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी हात लावू नये.

उसण भरलीच तर घाबरू नये. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. महिनाभर अंथरुणाला खिळून राहण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. एक-दोन दिवसांनी सोसवेल तसे हिंडावे-फिरावे. कुणाकडूनही पाठ तुडवून घेऊ नये. मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली शक्ती गेली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. येथे उशीर झाला तर पांगळेपण कायमचे राहू शकते.

कपाट दोन दिवस उशिरा आले तरी लग्न अडत नाही. वधूपिता मात्र धडधाकट हवा.