सातव्या अध्यायातील सोबत

आमच्या माळव्यात श्रावण दोनदा येतो. शेजारच्या हिंदी घरांतला सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि आपल्या पंचांगातला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी. कन्नौदसारख्या गावी, जिथून नेमावरला जाऊन नर्मदास्नान आणि सिद्धनाथाचे दर्शन एका दिवसात उरकते, तिथल्या मराठी कुटुंबांना त्यामुळे चारांऐवजी सहा-सात सोमवार पदरात पाडून घेता येतात. याच दिवसांत शिवलीलामृताची पोथी फडक्यातून बाहेर निघते. अकरावा अध्याय बहुतेकांना पाठ असतो. सातवा मात्र वाचणाऱ्याच्या जिभेवरून घसरून जातो. यंदा वाचकांनी तो जरा थांबून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

कथा विदर्भातली आहे. वेदमित्र आणि सारस्वत हे दोघे ब्राह्मण जिवलग मित्र. एकाचा मुलगा सुमेधा, दुसऱ्याचा सोमवंत. मुले विद्या पुरी करून लग्नाच्या वयाला पोचली, पण लग्नाला पैसा हवा. म्हणून वडिलांनी त्यांना राजाकडे धाडले. राजा विनोदी निघाला. निषध देशाची राणी सीमंतिनी सोमवारी दंपतींची पूजा करून भरघोस दान देते. तेव्हा तुम्हांपैकी एकाने स्त्रीवेष घ्यावा आणि जोडप्याने तिकडे जावे, असे त्याने सुचविले. मुले गांगरली. ही फसवणूक आहे, उघडकीस आली तर कुळाला काळिमा लागेल, असे त्यांनी परोपरीने सांगून पाहिले. पण राजाज्ञा ती राजाज्ञा. सोमवंताला लुगडे नेसवून दागिने घालण्यात आले, आणि दोघे मित्र नवराबायको होऊन मनाविरुद्ध वाटेला लागले.

सीमंतिनीने त्यांना पाहताक्षणी ओळखले. ती हसली. मात्र तिने त्यांना घालवून दिले नाही. उमामहेश्वर समजूनच त्यांची पूजा केली आणि ओटी भरून निरोप दिला. परतीच्या वाटेवर चमत्कार झाला. राणीच्या भावाच्या बळाने सोमवंत खरोखरच स्त्री झाला आणि आपल्या सोबत्याला म्हणू लागला, की मला आता तुझ्यावाचून दुसरे कोणी नको. सुमेधाला वाटले, मित्र अजून थट्टाच करतो आहे. घर येईपर्यंत बिचारा निम्मा घाबरलेला आणि निम्मा भुललेला असा चालत राहिला असणार. पुढे सारस्वताने आकांत केला. शेवटी राजानेच देवीची आराधना केली, तेव्हा देवीने स्वच्छ सांगितले की माझ्या भक्ताने भावाने केलेले मी पुसणार नाही. तिने सारस्वताला दुसरा पुत्र होईल असा वर दिला आणि या दोघांचे लग्न लावायला सांगितले.

मूळ कथा स्कंदपुराणाच्या ब्रह्मोत्तरखंडातली. श्रीधरस्वामींनी ती शके १६४० मध्ये बारामतीस मराठी ओवीत आणली. म्हणजे तीनशे वर्षे आपल्या आज्या-पणज्या दोन मुलांच्या नाखुशीने सुरू झालेल्या प्रवासाची आणि त्यातून उमललेल्या प्रेमाची ही गोष्ट देवघरात बसून मोठ्याने वाचीत आल्या आहेत, आणि तिचा शेवट गोड आहे.

कोणी म्हणेल, अहो, पण एकाला आधी स्त्री व्हावे लागले, मगच लग्न झाले. हा आक्षेप खरा आहे. पोथीने प्रेमाला जागा दिली, पण एका अटीवर. ती अट लपवून ही कथा आजच्या मुलांपुढे ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमचे लक्ष मात्र चमत्काराच्या अलीकडच्या क्षणाकडे जाते. सीमंतिनीने पूजा केली, तेव्हा तिच्यासमोर दोन मुलगेच बसलेले होते आणि हे तिला ठाऊक होते. मान आधी मिळाला, चमत्कार मागून आला.

गोड शेवटाची ही उदारता पुढे दुर्मीळ झाली. आमच्याच देवासचे उदाहरण घ्या. इंग्रज लेखक फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी सचिव होते. त्याआधी १९१२-१३ साली ते हिंदुस्थानात येऊन देवासही पाहून गेले होते. त्या प्रवासाहून परतल्यावर त्यांनी ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली आणि तिचा शेवट हट्टाने सुखाचा केला. तो सुखाचा होता म्हणूनच ती छापणे अवघड झाले, असे खुद्द त्यांचेच मत होते. कादंबरी दप्तरात पडून राहिली आणि त्यांच्या निधनानंतर, १९७१ साली प्रसिद्ध झाली. जी गोष्ट आमच्या आज्या मोठ्याने वाचीत, तिच्यासारखी गोष्ट त्या थोर लेखकाला जन्मभर लपवावी लागली!

मराठी रंगभूमीवर १९८१ साली तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ आले. एका मुलीचे दुसऱ्या मुलीवरील प्रेम तिथे प्रथमच उघडपणे बोलले गेले. पण त्या मित्राचा शेवट करुण आहे. १९८७ साली आपल्याच मध्य प्रदेशात पोलीस दलातील दोन महिला शिपायांनी परस्परांशी गांधर्वविवाह केला आणि दोघींची नोकरी गेली. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या अशा संमतीच्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र विवाहाची मान्यता आपल्या अखत्यारीत नसल्याचे सांगितले. म्हणजे कायद्याने अर्धी वाट मोकळी केली आहे. उरलेली अर्धी घराच्या उंबरठ्यातून जाते.

आपण मराठी माणसे प्रवासाला सोबत पाहून देणारी. कन्नौदची मुले शिकायला इंदूरला जाऊ लागली, की दोन्हीकडचे वडीलधारे ठरवून टाकतात: यांनी एकाच बसने जावे. मुलांना ते मुळीच पसंत नसते. एकाला खिडकी हवी, दुसऱ्याला बडबड नको. चापडा येईपर्यंत दोघे तोंड फिरवून बसतात आणि महिन्याभराने एकमेकांसाठी जागा धरू लागतात. यातली बहुतेक मैत्री मैत्रीच राहते. क्वचित ती आणखी काही असते, आणि ते काय आहे हे त्या कोवळ्या वयात त्या मुलांनाही कळलेले नसते. तिथे नाव देण्याची घाई नको, चौकशी तर नकोच. सारस्वताचा आकांत आम्हांला समजतो. बापाने मनात रचलेले चित्र मोडले की दुःख होतेच. पण त्याला देवीकडून दुसरा मुलगा मिळाला. आजच्या सारस्वताला त्याची गरज नाही. त्याचा पहिला मुलगा त्याच्यासमोर, जसाच्या तसा, धडधाकट उभा आहे.

राहता राहिला प्रश्न आपण काय करावे हा. सीमंतिनीने केले तेवढे पुरे: ओळखावे, हसावे आणि पाट मांडावा. मुलाने किंवा मुलीने सुट्टीत घरी आल्यावर सोबत्याचे नाव चारदा घेतले, तर पाचव्यांदा ते आपणच काढावे आणि विचारावे, ‘अरे, त्याला जेवायला केव्हा आणतोस?’