शिलकीवर जगणारा वृक्ष

संस्कृतांत वृक्षाला 'पादप' असें एक नांव आहे. पायांनीं पितो तो पादप. वर्गांत हा शब्द सोडवून सांगितला म्हणजे मुलें हंसत. पण वृक्षाचें अर्धें जीवनशास्त्र त्या तीन अक्षरांत आलें आहे, असें आम्हांस अद्यापि वाटतें. पायांखालचें पाणी आटलें म्हणजे वृक्षाच्या वाढीचें काय होतें, हा प्रश्न आम्हीं या महिन्यासाठीं घेतला आहे, आणि उदाहरणादाखल ओक वृक्ष निवडला आहे. (ओक आडनांवाच्या आमच्या वाचकांनीं गैरसमज करून घेऊं नये. त्यांच्या कुळाचा या वृक्षाशीं कांहीं संबंध नाहीं!)

ओकाच्या चारशेंहून अधिक जाती आहेत. आम्ही येथें मुख्यतः युरोपांतील पानझडी ओकाविषयीं बोलत आहों. त्याचें खोड आडवें कापलें असतां दर वर्षाचें एक कडें स्पष्ट दिसतें, आणि त्या कड्याचे पुन्हां दोन भाग असतात. आंतला भाग वसंतांत तयार होतो. त्यांत पाणी वर नेणाऱ्या नळ्या इतक्या रुंद असतात कीं, त्यांचीं तोंडें नुसत्या डोळ्यांनीं बारीक छिद्रांसारखीं दिसतात. बाहेरचा भाग उन्हाळ्यांत भरतो. तो घट्ट, गडद व कठीण असतो. आतां मौज अशी कीं, वसंतांतल्या त्या रुंद नळ्या पालवी पुरती उलगडण्यापूर्वींच बनूं लागतात. पानें नाहींत, म्हणजे अन्न शिजविणारें स्वयंपाकघर अजून बंद आहे. मग भांडवल कोठून येतें? तें मागील वर्षीं खोडांत व मुळांत सांठवून ठेवलेल्या पिठूळ द्रव्यांतून येतें. गेल्या सालच्या धान्यावर नवा संसार मांडावा, तसा हा प्रकार आहे. या नळ्यांचा उपयोगही बहुधा एकाच ऋतूपुरता असतो. हिवाळ्यांतील गोठणानें त्यांत हवा शिरते व त्या निकामी होतात, म्हणून दरवर्षीं नव्या नळ्या घालणें ओकास भागच पडतें.

एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे अवर्षणाचा परिणाम समजण्यास अडचण पडत नाहीं. ज्या वर्षीं उन्हाळ्यांत पाऊस येत नाहीं, त्या वर्षीं कड्याचा वासंतिक भाग जवळ जवळ नेहमीसारखाच असतो; कारण तो जुन्या शिलकीवर झालेला असतो. आखडतो तो बाहेरचा कठीण भाग. म्हणून दुष्काळी वर्षाचें कडें अरुंद तर असतेंच, शिवाय त्यांत छिद्रेंच फार व घट्ट लाकूड थोडें असतें. असें लाकूड हलकें व मऊ असतें. सुताराच्या हत्याराला तें सोपें, पण भार पेलण्यास उणें. चीड किंवा देवदार यांची गोष्ट साधारणतः याच्या उलट आहे. तेथें सावकाश वाढलेलें, दाट कड्यांचें लाकूडच मजबूत मानतात. "हळू वाढेल तें टिकेल" हें वचन ओकाला लावूं नये.

खरी गोम पुढच्या वर्षीं असते. तहानलेलें पान आपलीं रंध्रें मिटून घेतें. त्यानें पाणी वांचतें, पण हवेंतील कर्बवायु आंत येणेंही बंद होतें आणि अन्न तयार होत नाहीं. त्या वर्षीं सांठा कमी पडतो. पुढील वसंतांत पाऊस कितीही चांगला झाला तरी नळ्या घालण्यास भांडवल अपुरें असतें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? जगांतील अनेक वनांच्या कड्यांचा अभ्यास करून २०१५ सालीं संशोधकांनीं दाखविलें कीं, तीव्र अवर्षणानंतर झाडांची वाढ एक ते चार वर्षेंपर्यंत मंद राहते. म्हणून दुष्काळ सरल्यावर वनांतून फेरफटका मारून "झाडें तर हिरवीं आहेत" असा निर्वाळा देणारा मनुष्य, आमच्या मतें, घराची पुढची पडवी पाहून कोठाराची परीक्षा करीत असतो. अशक्त झालेल्या ओकावर पानें खाणाऱ्या अळ्या, सालीखालचे किडे व बुरशी तुटून पडतात, आणि तो प्रत्यक्ष मरतो तेव्हां अवर्षणाची आठवणही लोकांस राहिलेली नसते.

तरी ओक हा मुळांत चिवट गडी आहे. त्याचीं मुळें खोल जातात. १९७६ सालीं इंग्लंडांत मोठें अवर्षण पडलें, त्यांत बीच नांवाच्या वृक्षाची फार हानि झाली, पण ओक पुष्कळ अंशीं निभावला. २०१८ पासून पुढें दोन-तीन वर्षें मध्य युरोप होरपळला, तेव्हां जर्मनींत स्प्रूस वृक्षांचीं वनेंच्या वनें वाळलीं आणि सालीखालच्या किड्यांनीं उरलेलें काम पुरें केलें. पुढील शतकासाठीं काय लावावें, या चिंतेंत असलेले वनाधिकारी ओकाकडे आशेनें पाहतात तें याचमुळें. पण आशा कितपत धरावी?

याचें उत्तर शोधण्यास ओकाचीच वही उघडावी लागते. जुन्या घरांच्या तुळया, विहिरींचीं लाकडें आणि नद्यांच्या गाळांत पुरलेलीं खोडें यांचीं कडीं एकमेकांशीं जुळवून विद्वानांनीं फार मागपर्यंतचा हिशेब लावला आहे. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत जर्मनी व फ्रान्स येथील सात हजारांहून अधिक ओक-नमुन्यांवरून अडीच हजार वर्षांतील वसंत-ग्रीष्माच्या पर्जन्याचा अंदाज केला होता. २०२१ सालचा अभ्यास याहून सूक्ष्म होता. पान मोकळेपणीं श्वास घेत असतां हलका कर्ब पसंत करतें. रंध्रें मिटलीं असतां आंत जो मिळेल तो, जडसुद्धां, वापरतें. हा भेद कड्यांत कायमचा नोंदला जातो. चेक देश व बव्हेरिया येथील १४७ ओकांवरून तो मोजला असतां, २०१५ पासूनच्या सलग उन्हाळ्यांतील अवर्षण मागील २,११० वर्षांत अपूर्व असल्याचें आढळलें. शिलकीवर जगणाऱ्याला एक वाईट साल सोसतें. सालामागून साल वाईट आलें तर सांठा पुन्हां भरण्यास अवधिच मिळत नाहीं.

कोणी म्हणेल, हवा उष्ण होत असल्यानें पालवी लवकर येते, तेव्हां वाढही अधिक होईल. पालवी लवकर येते हें खरें. इंग्लंडांत नॉरफोक येथील रॉबर्ट मार्शम यांनीं १७३६ सालीं वसंताच्या खुणा टिपण्यास आरंभ केला. ओकाची पालवी हीही त्यांतील एक खूण होती. त्यांच्या वंशजांनीं तें टिपण १९५८ पर्यंत चालविलें! एका घराण्यानें दोनशें बावीस वर्षें एकच वही चालवावी, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. परंतु लवकर पालवी म्हणजे अधिक लाकूड नव्हे. अमेरिकेच्या पूर्व भागांतील पानझडी वनांचीं मापें २०२२ सालीं प्रसिद्ध झालीं. उष्ण वसंतांत खोडाची वाढ लवकर सुरू झाली, पण वर्षअखेरची एकूण वाढ वाढली नाहीं.

ओकाचें फळ तर याहून नाजूक असतें. आपल्या धान्यासारखें तें वाळवून ठेवतां येत नाहीं. वाळलें कीं मेलें. कुमाऊं-गढवालांत ओकाचाच भाऊबंद जो सदाहरित बांज, त्याची जुनीं झाडें उभीं असलेल्या कित्येक वनांत रोपटीं विरळ दिसतात. तेथें चाऱ्यासाठीं होणारी छाटणी व गुरांची चराई हींही कारणें आहेत, पण कोरड्या जमिनीवर पडलेल्या फळाला अंकुर फुटत नाहीं हेंही तितकेंच खरें. बांजाखालीं झरा टिकतो असें पहाडी लोक मानतात. त्यामुळें तेथील बायकांना रोपट्यांची ही वाण पाण्याच्या हंड्याइतकी जवळची आहे.

आपल्याकडे असें कडें पाहावयाचें असल्यास साग पाहावा. सागाच्याही कड्यांत आरंभीं रुंद छिद्रांची ओळ असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील संशोधकांनीं केरळांतील सागाच्या कड्यांवरून पांचशेंहून अधिक वर्षांचा मागोवा घेतला, आणि पाऊस दगा देतो त्या सालचें कडें बहुधा अरुंद भरतें असें त्यांस आढळलें. लाकडाच्या वखारींत जाण्याचा प्रसंग आला तर मुलांस बरोबर न्यावें आणि ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावरून बाहेरून आंत मोजीत जावें. १९७२ पर्यंत पोंचतां आलें तर तेथें जरा थांबून पाहावें.