चवदार तळ्याचा दावा आणि कळंबचा फवारणी मजूर

लंडनमध्ये काही नामवंत बॅरिस्टर असे आहेत की त्यांची सगळी वकिली दोनच गोष्टींवर उभी आहे. एक स्पर्धा कायदा, म्हणजे बाजार मुठीत ठेवून लोकांना लुबाडणाऱ्या कंपन्यांविरुद्धचा कायदा. दुसरी गोष्ट समूह दावे, म्हणजे हजारोंच्या वतीने एकत्र लढायची केस. मास्टरकार्डविरुद्धच्या दाव्यात तिथले चार कोटींहून जास्त ग्राहक एका माणसाच्या नावामागे उभे होते. नदी नासवली म्हणून झांबियाच्या १,८२६ गावकऱ्यांनी वेदांताला लंडनच्या कोर्टात खेचलं. खटला इथेच चालेल, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये कंपनीने तडजोड केली.

यावर कळंबचा आपला एलएलबी झालेला पोरगा म्हणतो, आपल्याला काय त्याचं? आपलं काम ॲट्रॉसिटीचं, आरक्षणाचं. माझं भांडण नेमकं याच उत्तराशी आहे.

२० मार्च १९२७ आपल्याला पाठ आहे. १७ मार्च १९३७ किती जणांना ठाऊक आहे? चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तो प्रातिनिधिक दावा होता: वादी सगळ्या सवर्णांच्या वतीने आणि प्रतिवादी सगळ्या अस्पृश्यांच्या वतीने. अशा दाव्याचा निकाल पूर्ण समूहाला बांधतो. म्हणजे बाबासाहेब हरले असते तर त्यांच्याबरोबर सगळा समाज कोर्टात हरला असता. समूह दाव्याचं हत्यार आपल्यावर आधी चाललं, मित्रांनो, आणि ग्रेज इनच्या या बॅरिस्टरने ते दहा वर्षं झेललं. डिसेंबर १९२७ मध्ये मनाई हुकूम आला, फेब्रुवारी १९२८ मध्ये तो उठला. १९३१ मध्ये खालच्या कोर्टात दावा फेटाळला गेला, १९३३ मध्ये ठाण्यात अपील फेटाळलं गेलं आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. तो निकाल समतेच्या तत्त्वावर लागला नव्हता. तळं नगरपालिकेचं होतं आणि अनादी काळापासूनची वहिवाट सवर्णांना सिद्ध करता आली नाही, एवढंच त्यात होतं. पुराव्याचं ओझं कोणाच्या डोक्यावर आहे हे पक्कं धरून ठेवलं, म्हणून तळं आपलं राहिलं.

आता यवतमाळला या. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबरात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर मेले, शेकडो लोक वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोचले. वारसांना दोन-दोन लाख मिळाले आणि चर्चा सुरू झाली ती मजुराने मास्क का घातला नाही, हातमोजे का घातले नाहीत, याची. पाठीवर पंप घेऊन बहुतेक वेळा कोण उतरतं शेतात? मजूर. त्याची जात मी सांगायला हवी का?

पुढे विषबाधितांच्या संघटनेने आणि काही संस्थांनी हे प्रकरण थेट स्वित्झर्लंडला नेलं. सिंजेंटाच्या पोलो या औषधामुळे बाधा झाली म्हणून दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी २०२० मध्ये कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी, बासेलला, कायदेशीर कारवाई सुरू केली. आणखी ५१ जणांची तक्रार तिथल्या सरकारी संपर्क कार्यालयाकडे गेली. ९६ जणांच्या विषबाधेत पोलोचं नाव पोलीस नोंदींत असल्याचं पब्लिक आय या स्विस संस्थेने दाखवलं. कंपनीने जबाबदारी नाकारली. स्वित्झर्लंडमध्ये पोलोवर आधीच बंदी होती, हे वेगळं सांगतो. आणि शेकडो बाधित असताना कोर्टात तिघेच का? कारण अमेरिका-इंग्लंडसारखा समूह दावा तिथल्या कायद्यात नाही.

आपल्याकडे मात्र तो आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १, रूल ८ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ खाली अनेकांच्या वतीने एकाला तक्रार करता येते, आणि उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरणही त्यात आहे. मजुराने डबा विकत घेतलाच नाही, मग तो ग्राहक कसा, असं कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला विचारेल. घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही व्याख्येत येतो. मग तो म्हणेल, हा व्यावसायिक वापर झाला. त्याचं उत्तर तयार ठेवायलाच तर वकील लागतो.

बियाण्याची गोष्टही तीच. २००६ मध्ये आंध्र सरकार बीटी कपाशीच्या रॉयल्टीविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे गेलं आणि सोळाशेच्या आसपासचं पाकीट साडेसातशेवर आलं. २०१६ मध्ये स्पर्धा आयोगाने मोन्सॅन्टो गटाच्या चौकशीचा आदेश दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं, पेटंटच्या परवान्यांचा विषय पेटंट कायद्याचा, आयोगाचा नाही. हे सगळं कपाशीच्या पाकिटावर चाललं होतं आणि कळंबचं सगळं रान कपाशीचं. आपल्या चळवळीने यावर एक पत्रक तरी काढलं? स्पर्धा कायद्याच्या कलम ५३ एन मध्ये अनेकांच्या वतीने नुकसानभरपाई मागायची सोय आहे. तुमच्यापैकी किती वकिलांनी ते कलम वाचलंय?

कोणी म्हणेल, कोर्टात न्याय मिळत नाही, रस्त्यावर उतरा. उतराच. बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली आणि दावाही शेवटपर्यंत लढवला. रस्ता आणि कोर्ट यांतलं एक निवडायला त्यांनी कधी सांगितलं?

फवारणीचा हंगाम दरवर्षी येतो. मजुराच्या हातात बिल नसतं, म्हणून रिकाम्या डब्याचा फोटो लागेल, बॅच क्रमांक लागेल, दवाखान्याचा केस पेपर लागेल, आणि कोणत्या तारखेला तो कोणाच्या शेतात होता याची वही लागेल. ती वही ठेवायला गावागणिक एक मुलगा किंवा मुलगी पुरे. ग्राहक कायद्यात मुदत दोन वर्षांची आहे. २०१७ च्या लोकांची ती कधीच संपली.