पोटातल्या पोराचा हिशेब



जिल्ह्याच्या बैठकीत कांद्याचा भाव आणि विजेचे बिल सोडून हा गडी बाळंतपणाचे काय बोलतो, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. गाय गाभण राहिली की आपण तिला उतारावरून हाकत नाही. व्याल्यावर वार पडली की नाही, हे रात्री बॅटरी घेऊन पाहतो. त्याच घरातली सून पोटुशी असताना श्वासाबरोबर काय आत घेते, हे मात्र कोणी पाहत नाही. मी शेतीची पदवी घेतली, मातीचे पृथक्करण शिकलो. पण या बाबतीत मीही तुमच्यातलाच.

माझी भाची दौंड तालुक्यातली, येरवड्यात दिलेली. सासरची माणसे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. वस्तीच्या एका अंगाला नगर रस्त्याची वाहने, गल्लीच्या तोंडाशी रोज पहाटे पेटणारा कचरा. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, जुनी चप्पल, सगळे. सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे ती माहेरी आली. गावची हवा चांगली, असे आम्हीच म्हणालो. माहेरी काय होते? घरात चूल, आणि ऊसतोड झाल्यावर चारी दिशांना पेटलेले पाचट. दिवस पूर्ण भरून मूल झाले, वजन दोन किलो. डॉक्टरांनी विचारले, घरात कोणी बिडी ओढते का? कोणीच ओढत नव्हते. शहराने आणि आम्ही मिळून तिला नऊ महिने ओढायला लावली होती.

एका मुलाचे वजन नेमके कशाने घटले हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण हजारो मुलांचा हिशेब सांगता येतो. धुरातला अतिबारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढा. तो फुप्फुसातून रक्तात उतरतो. २०१९ साली बेल्जियमच्या शास्त्रज्ञांना काजळीचे कण वारेच्या गर्भाकडच्या बाजूलाही सापडले. २०२२ साली ते गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही आढळले. धुराने मुले कमी दिवसांची आणि कमी वजनाची होतात, हे आता देशोदेशीच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. २०१९ या एका वर्षात भारतात १,१६,००० हून अधिक बाळे जन्मल्यापासून महिन्याच्या आत हवेच्या प्रदूषणापायी गेली, असा जागतिक अहवालाचा अंदाज आहे. निम्म्याहून अधिक बाहेरच्या हवेने, उरलेली चुलीच्या धुराने.

प्लॅस्टिकची गोष्ट नवी आहे. २०२० साली इटलीत बाईच्या वारेत प्लॅस्टिकचे कण प्रथम सापडले. २०२४ साली अमेरिकेत ६२ वारा तपासल्या; ६२ च्या ६२ मध्ये प्लॅस्टिक निघाले, सर्वात जास्त पिशव्यांचे पॉलिथिन. त्याने गर्भाचे नेमके किती बिघडते यावर संशोधन चालू आहे. पण जे औषध पिकाला चालते की नाही ठाऊक नाही, ते आपण अख्ख्या रानावर फवारत नाही. इथे तर पुरी पिढीच फवारली जात आहे.

आता हे प्लॅस्टिक येते कुठून ते पाहा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात ओतला गेला. विहिरी नासल्या, डेपोला आगी लागल्या, लोकांनी गाड्या अडवल्या. शहराचे सांडपाणी येरवड्याच्या पुलाखालून मुळा-मुठेने मांजरी, थेऊर, दौंड करत उजनीत येते. त्यात कपडे धुताना सुटलेले टेरिलीन-नायलॉनचे धागे आणि पिशव्यांचा चुरा असतो. तेच पाणी आपल्या भाजीला. माल इंडियाचा, घाण भारताची. आणि प्रदूषणाची चर्चा निघाली की बोट शेतकऱ्याच्या काडीपेटीकडे.

सरकारचे पाहा. वर्षाच्या सरासरीत घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बारीक कण नकोत, असे जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. आपल्या देशाची मर्यादा ४०. आठपट! आपल्या बायकांची फुप्फुसे आठपट मजबूत आहेत की काय? २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गावोगाव शेगड्या पोचल्या. टाकी संपली की शेगडी माळ्यावर जाते आणि चूल पेटते. का? कांदा मातीमोल गेला की टाकी भरायला पैसे उरत नाहीत म्हणून. बाईला धुराचे तोटे कळत नाहीत असे समजून तिला व्याख्याने देणाऱ्यांनी एकदा तिच्या घरचा जमाखर्च वाचावा.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. पूर्ण दिवसांच्या मुलांचे सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो, इंग्लंडचे मूल साडेतीन किलोचे. ज्या बायांच्या पोटात पालेभाजी, फळे, दूध गेले त्यांची मुले थोराड. ज्यांनी जास्त कष्ट उपसले त्यांची मुले लहान. म्हणजे भाजी पिकवणारी, धारा काढणारी बाईच भाजी-दुधाला मुकते, आणि अशा अर्ध्या उपाशी गर्भावर वरून धूर. भावाचा प्रश्न आणि गर्भाचा प्रश्न वेगळे नाहीत.

पण दुसऱ्याला जाब विचारण्याआधी आपले हात पाहू. ठिबकच्या फाटक्या नळ्या आणि मल्चिंगचा कागद बांधावर कोण पेटवतो? आपणच. हेक्टरी ८ ते १० टन पाचट कोण जाळते? आपणच, किंवा आपल्या देखत दुसरा. तेच पाचट सरीत ठेवून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू टाकले तर जमिनीला सेंद्रिय खत मिळते, पाणीही वाचते. याला सरकारचा हुकूम लागत नाही.

म्हणून या बैठकीत चार ठराव व्हावेत.

१. पाचट आणि शेतातले प्लॅस्टिक आपण जाळणार नाही. मल्चिंगचा कागद व नळ्या विकणाऱ्या कंपन्यांनी त्या परत घ्याव्यात.
२. शहराचा कचरा शहरात जिरवावा आणि जाळणे बंद करावे. नदीत न शुद्ध केलेला थेंब सोडू नये.
३. गरोदर बाईच्या घरी नऊ महिने आणि पुढे वर्षभर गॅसची टाकी फुकट द्यावी.
४. शेतीमालाला उत्पादनखर्चावर आधारित भाव द्यावा.

चौथ्याशिवाय तिसरा फार दिवस टिकायचा नाही, आणि पहिल्याशिवाय दुसरा मागायला आपल्याला तोंड नाही.

भाचीची मुलगी आता चालते. तिला सर्दी झाली की छाती घरघरते. आपल्या डोक्यावर कर्ज घेऊन जन्मणाऱ्या पोरांची आपल्याला सवय झाली होती. आता ती अंगात धूर घेऊनही जन्मतात. कर्जमुक्ती मागणाऱ्यांनी धूरमुक्तीही मागितलीच पाहिजे, आणि ती आपल्या बांधापासून सुरू केली पाहिजे.